वर्ष अकरा तासांचं, दगड मात्र ओळखीचा

नवतपा म्हणजे काय, हे उमरेडच्या पोरापोरींना गुगल करावं लागत नाही. २५ मेच्या आसपास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो, ते नऊ दिवस सुरू होतात आणि दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. तोंडाला दुपट्टा, खिशात कांदा, घरात कूलरची घरघर. रात्री स्लॅबवर बादल्याच्या बादल्या पाणी मारलं, तरी तो वाफा सोडतच राहतो. नागपूरचा पारा ४७ च्या वर जाऊन आलेला आहे. ‘याच्यापेक्षा गरम जागा असते का बाप्पा कुठं?’ असं तुम्ही किमान एकदा तरी म्हटलं असेल.

असते. त्यातल्या एका जागेचं नाव आहे ‘के२-१४१ बी’. पृथ्वीपासून साधारण २०० प्रकाशवर्षं दूर असलेला हा दगडी ग्रह आपल्या ताऱ्याभोवती पावणेसात तासांत एक फेरी मारतो. म्हणजे तुम्ही कॉलेजला जाऊन घरी परत येईपर्यंत त्याचं एक वर्ष संपलं. २०२० मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी कोलकात्याच्या ‘आयसर’च्या साथीनं कॉम्प्युटरवर या ग्रहाचं मॉडेल तयार केलं. त्यातून जे चित्र उभं राहिलं ते असं : ताऱ्याकडच्या बाजूचं तापमान ३,००० अंश सेल्सिअसपर्यंत, तिथं सुमारे १०० किलोमीटर खोल तापलेल्या रसाचा समुद्र, आणि ताशी ५,००० किलोमीटरहून जास्त वेगाचे वारे. इतक्या उष्णतेत दगडाचीच वाफ होते. वारा ती वाफ थंड भागाकडे ढकलतो आणि तिथं तिचा पाऊस पडतो. दगडांचा पाऊस. मागच्या अंधाऱ्या बाजूला मात्र तापमान उणे २०० अंशांच्याही खाली.

वाचायला भारी वाटतं. पण ‘तिथं जीव असणं शक्य नाही, माणूस जाणं शक्य नाही, मग शास्त्रज्ञ या भट्ट्यांच्या मागे का लागलेत?’ हा प्रश्न पडायलाच हवा. त्याचं उत्तर आपल्या पायाखालच्या दगडाशी आणि नाकातल्या हवेशी जोडलेलं आहे.

बुध जास्त गरम की शुक्र?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना हा प्रश्न पाठ असेल. सूर्याच्या सर्वांत जवळ बुध, पण सर्वांत गरम ग्रह शुक्र. बुधावर दिवसा सुमारे ४३० अंश आणि रात्री उणे १८० अंश. शुक्र सूर्यापासून बुधाच्या जवळपास दुप्पट अंतरावर आहे, तरी तिथं दिवस असो वा रात्र, सुमारे ४६५ अंश.

फरक फक्त एका गोष्टीचा आहे. बुधावर हवा जवळजवळ नाही, शुक्रावर कार्बन डायऑक्साइडची जाडजूड गोधडी आहे.

अजून जवळचं उदाहरण हवं असेल तर चंद्र घ्या. सूर्यापासून पृथ्वी जेवढी दूर, साधारण तेवढाच चंद्रही दूर. सूर्य तोच, ऊनही तेच. पण चंद्रावर दुपारी १२० अंशांच्या आसपास आणि रात्री उणे १३० अंशांपर्यंत किंवा त्याहूनही खाली. मे महिन्यात उमरेडला रात्री पारा ३० च्या खाली यायला तयार नसतो म्हणून आपण वैतागतो, पण त्याच कारणानं आपण रात्री गोठून मरत नाही. हवा उष्णता धरून ठेवते आणि इकडची तिकडे वाटून देते.

म्हणजे एखादा ग्रह किती तापेल, हे तारा किती जवळ आहे यावर ठरतंच. पण ती उष्णता ग्रहावर कशी राहील, हे हवा ठरवते. हेच वाक्य उलटं करा : ग्रहाच्या दोन्ही बाजूंचं तापमान कळलं, तर तिथं हवा आहे की नाही, हे इथं बसून सांगता येईल. तापलेल्या दगडी ग्रहांचं सगळं महत्त्व या उलट्या वाक्यात आहे.

थर्मामीटर न लावता ताप बघायचा

आपल्या सूर्याव्यतिरिक्त दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांना बाह्यग्रह म्हणतात. आतापर्यंत असे ६,००० हून जास्त ग्रह नोंदले गेलेत. त्यातल्या बहुतेकांचा फोटो नाही, कारण ताऱ्याच्या झगमगाटात ग्रह दिसतच नाही. रात्री नागपूर-उमरेड रस्त्यावर समोरून ट्रक येतोय, हेडलाइट अप्पर मारलेला आहे, आणि त्या लाइटपुढून एक चिलट गेलं. चिलट तुम्हाला दिसणार नाही. पण तुमच्याकडे खूप बारीक मोजणारं यंत्र असेल, तर उजेड कणभर कमी झाल्याचं कळेल. बाह्यग्रह शोधायची सर्वांत यशस्वी पद्धत हीच.

तापमानासाठी याच्या उलट करायचं. ग्रह ताऱ्याच्या मागे लपतो, तेव्हा फक्त ताऱ्याचा उजेड मोजायचा. ग्रह बाजूला असताना दोघांचा मिळून मोजायचा. वजाबाकी केली की उरतो तो एकट्या ग्रहाचा उजेड. तापलेला तवा अंधारात दिसत नसला तरी त्याची धग हाताला लागते, तशी ग्रहाची धग अवरक्त किरणांतून येते. ती मोजली की ताप कळला.

आता लक्षात येईल की शास्त्रज्ञांना भट्टीच का लागते. थंड ग्रहाची धग इतकी कमी असते की वजाबाकीत काहीच उरत नाही. शिवाय पृथ्वीसारखा ग्रह वर्षातून एकदाच ताऱ्यामागे जाणार. एकदा ढग आले, यंत्र अडलं, की थांबा अजून वर्षभर. अकरा तासांचं वर्ष असलेला ग्रह मात्र दिवसातून दोनदा हजेरी लावतो.

४९ प्रकाशवर्षांवरचा काळा पाषाण

अकरा तासांचा हा ग्रह खराच आहे. नाव ‘एलएचएस ३८४४ बी’, अंतर सुमारे ४९ प्रकाशवर्षं, आकार पृथ्वीच्या सुमारे १.३ पट. नासाच्या ‘टेस’ दुर्बिणीनं २०१८ मध्ये कामाला लागल्या लागल्या जे ग्रह पकडले, त्यातला हा एक. आपल्या ताऱ्यापासून तो साधारण साडेनऊ लाख किलोमीटरवर आहे. पृथ्वी सूर्यापासून १५ कोटी किलोमीटरवर आहे, यावरून ‘जवळ’ म्हणजे किती जवळ ते समजा.

इतक्या जवळचे ग्रह सहसा एकच तोंड ताऱ्याकडे करून फिरतात, जसा चंद्र कायम एकच बाजू आपल्याला दाखवतो. म्हणजे एका बाजूला न संपणारी दुपार आणि दुसऱ्या बाजूला न उजाडणारी रात्र.

२०१९ मध्ये लॉरा क्राइडबर्ग आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये या ग्रहाचा निकाल छापला. ‘स्पिट्झर’ या अवकाश दुर्बिणीनं जवळपास १०० तास या ताऱ्याकडे बघितलं होतं. ग्रहाची धग किती, तर दोघांच्या एकत्र उजेडातल्या दहा हजार भागांतले साधारण चार भाग. त्यातून निघालं की दिवसाची बाजू सुमारे ७७० अंशांवर तापलेली आहे आणि रात्रीच्या बाजूनं मोजण्याइतकी धगच येत नाही. एका बाजूची उष्णता दुसऱ्या बाजूला पोचतच नाही. वाटून द्यायला जाड हवाच नाही.

पण मला भारी वाटली ती पुढची गोष्ट. हवा नाही म्हटल्यावर दुर्बिणीला थेट जमीन दिसत होती. जमीन फिक्या रंगाची असती तर तिनं जास्त उजेड परत फेकला असता आणि ती कमी तापली असती. मोजमाप सांगत होतं की जमीन काळपट आहे. संशोधकांनी वेगवेगळ्या खडकांशी ताळा करून बघितला. ग्रॅनाइटसारखा फिका खडक जुळला नाही. जुळला तो बेसॉल्ट.

बेसॉल्ट म्हणजे कोण? आपल्याकडचा काळा पाषाण. रस्त्यावरची गिट्टी, सह्याद्रीचे कडे, अजिंठा-वेरूळच्या लेण्या, नागपुरातली सीताबर्डीची टेकडी, सगळं त्यातलंच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथं जमिनीला भेगा पडून लाव्हाचे लोटच्या लोट बाहेर आले, थरावर थर साचले आणि थंड होऊन दख्खनचं पठार झालं. आजही जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर हा खडक पसरलेला आहे. त्याची पूर्वेकडची हद्द आपल्या नागपूर भागात येऊन संपते. इथून पुढे पूर्वेला जास्त जुने खडक सुरू होतात.

नागपूरकरांसाठी एक आठवण. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं आहे, ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी तर होतेच, पण एकोणिसाव्या शतकात नागपूरच्या खडकांचा नीट अभ्यास करणाऱ्या पहिल्या माणसांपैकीही एक होते. हातात हातोडी, पायी भटकंती, दगड फोडून बघायचा. १८६३ मध्ये टाकळघाटच्या बाजूला पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला. खडक ओळखायचा तर त्याच्यापर्यंत जावं लागतं, हा तेव्हाचा नियम. आज ४९ प्रकाशवर्षांवरचा खडक कोणीही हात न लावता ओळखतंय. पण ओळखताना ताळा करायला लागतो तो आपल्या इथल्यासारखाच दगड.

जिथं हवा उकळून येते

सगळ्या भट्ट्या मात्र अशा उघड्याबोडक्या नाहीत, अशी शंका आता घट्ट होत चालली आहे.

‘५५ कॅनक्राय ई’ हा ग्रह ४१ प्रकाशवर्षांवर, कर्क राशीत आहे. आकार पृथ्वीच्या जवळपास दुप्पट, वजन आठपटींच्या आसपास. २००४ मध्ये तो सापडला तेव्हा त्याचं वर्ष २.८ दिवसांचं समजलं गेलं होतं. २०१० मध्ये जुनी आकडेमोड पुन्हा तपासली, तेव्हा कळलं की वर्ष जेमतेम १८ तासांचं आहे. मध्यंतरी ‘हिऱ्यांचा ग्रह’ म्हणूनही तो गाजला. २०१२ मध्ये भारतीय वंशाचे निक्कू मधुसूदन आणि सहकाऱ्यांनी त्याच्या पोटात कार्बन भरपूर असेल, अशी कल्पना मांडली होती. पुढे तिच्यावर शंका घेतल्या गेल्या, पण ‘हिरा’ हा शब्द काही लोकांच्या डोक्यातून गेला नाही.

खरी बातमी २०२४ मध्ये आली. रेन्यू हू आणि सहकाऱ्यांनी जेम्स वेब दुर्बिणीनं त्याचा ताप मोजला. हवा नसती तर दिवसाची बाजू सुमारे २,२०० अंशांवर असायला हवी होती. मोजला तर निघाला सुमारे १,५४० अंश. ६०० हून जास्त अंश कुठं गेले? उष्णता कोणीतरी रात्रीच्या बाजूला वाहून नेतंय. प्रकाशाच्या तपशिलातून कार्बन मोनॉक्साइड किंवा कार्बन डायऑक्साइड असलेल्या वातावरणाची खूणही मिळाली.

आता गंमत बघा. ताऱ्याच्या इतक्या जवळ हवा टिकणं अवघड. ताऱ्याचा मारा तिला उडवून लावणार. मग ती येते कुठून? संशोधकांचा अंदाज असा की खालचा वितळलेला समुद्रच ती पुरवतो. कढईत रस उकळताना बुडबुडे येतात, तसा मॅग्मातून वायू बाहेर पडत राहतो. वरून उडतो तेवढा खालून येतो.

पृथ्वीची पहिली हवाही अशीच, आतल्या वितळलेल्या खडकातून बाहेर पडलेल्या वायूंनी बनली असं मानतात. दख्खनचा लाव्हा वाहत होता तेव्हाही त्याच्याबरोबर प्रचंड कार्बन डायऑक्साइड हवेत गेला होता. म्हणजे कर्क राशीतल्या त्या ग्रहावर आज जे चाललंय, त्याची छोटी आवृत्ती महाराष्ट्रानं एकदा बघितलेली आहे.

सगळ्यांचंच नशीब इतकं चांगलं नसतं. २०२५ मध्ये ‘टेस’च्या मदतीनं एमआयटीच्या गटाला १४० प्रकाशवर्षांवर एक ग्रह सापडला, जो अक्षरशः विरघळतोय. साडेतीस तासांच्या प्रत्येक फेरीत तो एव्हरेस्टएवढा माल गमावतो. त्याच्यामागे धुळीची शेपटी आहे, लांबी ९० लाख किलोमीटरपर्यंत. हवा जाणं ही पहिली पायरी, दगडच निघून जाणं ही शेवटची.

यात आपलं काय?

दोन गोष्टी.

पहिली, सगळ्या विश्वाची. आपल्या आकाशगंगेतले बहुतेक तारे सूर्यासारखे नाहीत. ते छोटे, मंद, लालसर आहेत. ‘दुसरी पृथ्वी’ सापडायची शक्यता त्यांच्याभोवती जास्त, कारण ते संख्येनं जास्त आणि त्यांच्याभोवतीचे दगडी ग्रह पकडायला सोपे. यातला सर्वांत गाजलेला तारा म्हणजे ४० प्रकाशवर्षांवरचा ‘ट्रॅपिस्ट-१’. त्याला सात दगडी ग्रह आहेत. २०१६ मध्ये त्यातले पहिले ग्रह जाहीर झाले, तेव्हाच्या निरीक्षणांत लडाखमधल्या हानले इथल्या आपल्या हिमालयन चंद्र दुर्बिणीचाही वाटा होता. पण हे लाल तारे तापट आहेत. ते अधूनमधून उफाळतात आणि जवळच्या ग्रहांची हवा सोलून काढू शकतात. २०२३ मध्ये जेम्स वेबनं ‘ट्रॅपिस्ट-१ बी’चा ताप मोजला. सुमारे २३० अंश, म्हणजे हवा नसलेल्या दगडाला शोभेल असा.

आता विचार करा. लाल ताऱ्यांजवळचे दगड सगळेच उघडे निघाले, तर ‘विश्वात पृथ्व्याच पृथ्व्या आहेत’ हे वाक्य मागे घ्यावं लागेल. काहींनी हवा टिकवलेली निघाली, तर खेळ चालू राहील. हाच प्रश्न सोडवायला जेम्स वेबचे तब्बल ५०० तास बाजूला काढलेत. या दुर्बिणीचा एकेक तास मिळवायला जगभरचे संशोधक रांगेत असतात, त्यात ५०० तास म्हणजे काय ते ओळखा.

दुसरी गोष्ट उमरेडची. आपल्या खुल्या खदानीतून जो कोळसा निघतो, तो पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या दलदलीतल्या झाडांचा. त्या झाडांनी हवेतला कार्बन ओढून घेतला आणि तो जमिनीत गाडला गेला. शुक्राचं जे झालं ते पृथ्वीचं झालं नाही, त्यात कार्बन असा खडकात, चुनखडीत आणि थोडाफार कोळशात बंद झाल्याचा हात आहे. तो आपण आता उकरून जाळतोय. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे साधारण २८० भाग होते. आता ४२० च्या वर गेलेत. या खदानीवर उमरेडच्या कितीतरी घरांची चूल पेटते, त्यामुळे ‘उद्यापासून बंद’ असं सोपं वाक्य इथं चालत नाही. पण हवेतला हा जरासा बदल काय करू शकतो, ते समजायला आता फक्त पुस्तक नाही, आकाशात खरीखुरी उदाहरणं आहेत. एकाकडे हवा नाही, एकाकडे नको तेवढी आहे आणि एक ती रोज नव्यानं उकळून घेतोय. बेताची हवा असलेला, खात्रीनं माहीत असलेला दगड एकच. आपण त्याच्यावर गाडी पार्क करतो.

‘आपण आर्ट्सवाले, आपल्याला काय जमणार?’

२०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेनं प्रत्येक देशाला एका ताऱ्याचं आणि त्याच्या ग्रहाचं नाव ठेवायची संधी दिली. भारताच्या वाट्याला आलेल्या ताऱ्याला ‘बिभा’ नाव मिळालं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून. ग्रहाचं नाव ‘संतमस’, म्हणजे दाटून आलेला, झाकोळलेला. तो दगडी नाही, गुरूसारखा वायूचा गोळा आहे, पण त्याचंही वर्ष जेमतेम दोन दिवसांचं आहे. हे नाव सुचवलं होतं पुण्यातल्या तेरा वर्षांच्या एका शाळकरी मुलानं.

त्याच वर्षी अमेरिकेत नासाच्या एका केंद्रात १७ वर्षांच्या इंटर्नला ‘टेस’ची माहिती चाळायला बसवलं होतं. तिसऱ्याच दिवशी त्याला ‘टीओआय १३३८ बी’ हा नवा ग्रह सापडला. इंटर्नला फक्त झेरॉक्स काढायला पाठवतात, असं म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी (मी घेतली आहे).

मोबाइलवर तुम्हीही हे करू शकता. ‘प्लॅनेट हंटर्स टेस’ हा ‘झूनिव्हर्स’वरचा उपक्रम फुकट आहे आणि डिग्री विचारत नाही. ताऱ्याच्या उजेडाचा आलेख समोर येतो. त्यात खड्डा दिसला की खूण करायची. बस. कॉम्प्युटरच्या नजरेतून सुटलेले काही ग्रह अशाच साध्या लोकांना सापडलेत. नागपूरला गेलात तर रमण विज्ञान केंद्रातलं तारांगणही बघून या.

आणि पैसे, इंटरनेट काहीच नको असेल तर गावाबाहेर, लाइट नसलेल्या रस्त्यावर जा. मे महिन्याच्या शेवटी रात्री आठला पश्चिमेकडे बघा. पुनर्वसूचे दोन जुळे तारे आणि वर चमकणारी मघा यांच्या मधली जी रिकामी वाटणारी जागा, ती कर्क रास. ‘५५ कॅनक्राय’ तिथंच आहे. आकाश अगदी काळं असेल तर नुसत्या डोळ्यांना कसाबसा दिसेल, दुर्बिणीतून सहज. ग्रह दिसणार नाही, फक्त तारा. जो उजेड तुमच्या डोळ्यांत शिरेल, तो निघाला तेव्हा तुमचा जन्मही झाला नव्हता. तो बघताना मनात घड्याळ लावून ठेवा. उद्या दुपारी पावणेदोनच्या सुमारास तिथल्या त्या वितळलेल्या दगडाचं एक आख्खं वर्ष संपलेलं असेल.